जिताड्याची मत्स्यपारध

कृत्रिम माशी किंवा तत्सम आमिष लावलेल्या गळाने जिताडा हा मासा पकडण्याचा छंद. होडी ओहोटीच्या प्रवाहाबरोबर सावकाश वाहू द्यावयाची व काठालगतच्या आडोशांत गळ टाकीत जावयाचे, ही या पारधीची विशेष रीत आहे. ठाणे जिल्ह्यात तिचे क्षेत्र म्हणजे कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यापासून डोंबिवली, मुंब्रा, कोलशेत व घोडबंदर यांवरून वसईकडे जाणारी उल्हास नदीची खाडी, आणि कळव्याच्या बाजूस तिच्याशी अरुंद वाटेने जोडलेली ठाण्याची खाडी. पावसाळ्यानंतरचे आश्विन व कार्तिक हे महिने या पारधीस विशेष अनुकूल असतात. कोळ्यांच्या जाळ्यांत येणाऱ्या मासळीच्या तुलनेने हौशी पारध्याची मिळकत नगण्य होय. परंतु जिताडा कोठे व केव्हा मिळेल हे कळण्यास माशाचे जीवनचक्र, भरती-ओहोटी आणि तिवरांचे रान या तिन्ही गोष्टी पारध्यास जाणून घ्याव्या लागतात.

होडीतून वाहत जाऊन माशीगळाने मासे धरण्याचा प्रकार मूळचा येथील नव्हे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नद्यांवर शरद ऋतूत ‘बास’ नावाचे मासे अशा प्रकारे पकडतात. ते गोड्या पाण्यातील असून मायक्रॉप्टेरस या प्रजातीत मोडतात. जिताड्यासही इंग्रजीत आशियाई सागरी बास म्हणतात. दोहोंत नामसादृश्य आहे, निकटचे नाते नाही. सवयींत मात्र लक्षणीय साम्य आढळते : दोन्ही मासे बुडालेली लाकडे, खडक वा मुळे यांच्या आडोशाला दबा धरून राहतात आणि भक्ष्य टप्प्यात आले की झडप घालतात. अमेरिकी बाससाठी बनविलेल्या माश्या जिताड्यासही चालतात याचे कारण हेच.

जिताडा : या माशाचे शास्त्रीय नाव लॅटेस कॅल्कॅरिफर असे असून ब्लॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १७९० मध्ये त्याचे वर्णन केले. बंगालमध्ये तो भेटकी व ऑस्ट्रेलियात बॅरामुंडी या नावाने प्रसिद्ध आहे. इराणच्या आखातापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंतच्या खाड्यांत व नदीमुखांत तो सापडतो. अंग रुपेरी, पाठ हिरवट करडी, डोके निमुळते व डोळ्यांवर किंचित खोलगट, तोंड मोठे आणि शेपटीचा पर गोलसर असतो. अंधारात प्रकाश पडला असता डोळे तांबूस चमकतात. गालाच्या हाडाची कडा दातेरी व प्रच्छद (कल्ल्यांवरील झाकण) धारदार असल्यामुळे झटापटीत बारीक तंगूस सहज कापला जातो. पूर्ण वाढलेला जिताडा दीड मीटरपेक्षाही लांब होतो, ६० किग्रॅ. पर्यंत वजनाच्या माशांची नोंद आहे. खाडीत गळाला लागणारे मासे अर्थातच याहून पुष्कळ लहान, बहुधा एक ते चार किग्रॅ. वजनाचे असतात.

या माशाचे जीवन खारे व गोडे अशा दोन पाण्यांत विभागलेले आहे. अंडी घालण्यास त्याला जवळजवळ समुद्राइतके खारे पाणी लागते, म्हणून पक्व मासे खाडीच्या मुखाशी येतात. अंडी अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे, चढत्या भरतीच्या वेळी सोडली जातात. त्यामुळे ती प्रवाहाबरोबर आपोआप खाडीत आत वाहून येतात. उबदार पाण्यात एका दिवसाच्या आत अंडी फुटतात. पिले पावसाळ्याच्या उधाणाबरोबर खाजणांत, खारभूमीतील भातशेतांत व ओढ्यांत शिरतात, तेथे भरपूर खाद्य खाऊन झपाट्याने वाढतात आणि पुढे त्यांपैकी काही नदीच्या गोड्या पाण्यातही जातात. रायगड जिल्ह्यातील पेण व अलिबाग या भागांत खारजमिनीत आलेली पिले धरून तळ्यांत वाढविण्याची जुनी पद्धत आहे. तळ्यातला मोठा जिताडा अधिकाऱ्याला किंवा व्याह्याला भेट म्हणून पाठविण्याची रीतही तिकडे रूढ होती; त्यावरून या माशाची किंमत कळून येते.

जिताड्याचे आणखी एक वैशिष्ट्य पारध्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. तो प्रथम नर म्हणून पक्व होतो व पुढे मादी बनतो. सामान्यतः तीन-चार वर्षांचा मासा नर असतो आणि सहा ते आठ वर्षांच्या सुमारास, लांबी एक मीटरच्या जवळ येऊ लागली की, त्याचे मादीत रूपांतर होते. याचा अर्थ असा की, खाडीतले मोठे मासे जवळजवळ सर्व माद्याच असतात. एक मोठी मादी एका हंगामात लाखो अंडी घालते. पारध्याला ज्या माशाचे छायाचित्र काढावेसे वाटते, तोच खाडीच्या पुढील पिढीचा मुख्य आधार असतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात ५८ सेंमी. पेक्षा लहान आणि १२० सेंमी. पेक्षा मोठे मासे ठेवण्यास मनाई आहे, ती या कारणासाठीच. लहान मासे सोडून देण्याचा नियम बहुतेक ठिकाणी असतो. मोठे सोडून देण्याचा नियम मात्र विरळा.

इतिहास : गळाची पारध भारतात प्राचीन आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोद या नावाचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात माशांच्या जाती, गळ, दोर व आमिषे यांची तपशीलवार माहिती आहे. या सोमेश्वराची राजधानी कल्याण होती, पण ते कर्नाटकातील बसवकल्याण होय; ठाणे जिल्ह्यातील कल्याणशी या ग्रंथाचा संबंध जोडणे चूक ठरेल. कृत्रिम माशीचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख रोमन लेखक ईलिअन याने इ. स. २०० च्या सुमारास केला आहे. मॅसिडोनियातील लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळून तीवर कोंबड्याची पिसे बांधीत, असे तो सांगतो. इंग्रज अमदानीत हा छंद भारतात आला. एच्. एस्. टॉमस याचा द रॉड इन इंडिया हा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील मुख्य विषय महासीर मासा हा आहे. मुंबई परिसरात हौशी गळकऱ्यांचे प्रमुख ठिकाण पवई तलाव होय व तेथे महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशन ही संस्था काम करते. खाडीतील पारध मात्र कोणत्याही संस्थेच्या छत्राखाली वाढलेली नाही. ती ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यासारख्या वस्त्यांतील कोळ्यांच्या आणि काठच्या आगरी गावांतील लोकांच्या माहितीवर उभी राहिली आहे. कोळी लोक पाग, डोल, खुंट रोवून लावावयाची वाणा जाळी, खेकड्यांसाठी पगोळी आणि जिवंत कोळंबी लावलेला गळ ही साधने वापरतात. बहुसंख्य हौशी पारधी धातूचा चमचा किंवा माशाच्या आकाराची कृत्रिम आमिषे रिळाच्या काठीने फेकतात. माशीगळ वापरणारे थोडेच.

साधने : इतर गळांत आमिषाच्या वजनामुळे दोर पुढे जातो. माशीला वजन जवळजवळ नसतेच. म्हणून येथे जाड, वजनदार दोर फेकतात आणि तो माशीला आपल्यामागून ओढून नेतो. माशीगळाचे सर्व कौशल्य या एका गोष्टीत आहे. काठी सु. २·७ मी. लांब व लवचिक असते. दोर २५ ते ३० मी. लांबीचा असून त्याच्या पुढे दोन-तीन मीटर पारदर्शक तंगूस जोडतात, आणि प्रच्छदाच्या धारेपासून बचाव व्हावा म्हणून शेवटचा हातभर तुकडा जाड तंगुसाचा घेतात. ‘माशी’ हे नाव केवळ परंपरेने चालत आले आहे. जिताड्यासाठी बांधलेली माशी कीटकासारखी नसून कोळंबी, निवटी किंवा बोईटाच्या पिलासारखी दिसते. पेनसिल्व्हेनियातील बॉब क्लॉझर याने १९८० नंतरच्या दशकात सस्क्वेहॅना नदीतील बाससाठी एक माशी तयार केली. गळाच्या दांडीवर शिशाचे दोन डोळे आणि त्यांमागे हरणाच्या शेपटीचे केस अशी तिची रचना आहे. डोळ्यांच्या भाराने ती तोंडाकडून बुडते व दोर खेचला की उसळून वर येते. खाडीतल्या कोळंबीची चालही काहीशी अशीच असल्यामुळे क्लॉझरची माशी जगभर खाऱ्या पाण्यातही वापरली जाऊ लागली. खाडीच्या गढूळ पाण्यात पांढऱ्यापेक्षा काळी-जांभळी अथवा पिवळी माशी अधिक उठून दिसते.

पाण्याची वेळ : नदी एकाच दिशेने वाहते, खाडी दोन दिशांनी. होडीच्या पारधीत हाच मूलभूत फरक आहे. कल्याणहून निघालेल्या होडीस ओहोटी ठाण्याच्या दिशेने नेते. भरती सुरू झाली की तीच होडी विनासायास परत आणते. म्हणून पारध्याला पंचांग पाहावे लागते. मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्ण भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत अशी की, तिथीची पाऊणपट करावी. येणारी संख्या म्हणजे भरतीचा तास. प्रतिपदेला पाऊण वाजता, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता भरती पूर्ण होते व सुमारे साडेबारा तासांनी पुन्हा येते. हिशेब स्थूल असला तरी होडीवाल्याचे काम त्यावर भागते. मुखापासून जसजसे आत जावे तसतशी भरती उशिरा पोहोचते, आणि डोंबिवली-कल्याणच्या उथळ टप्प्यात ओहोटी भरतीपेक्षा जास्त वेळ चालते. मुंबईची वेळ धरून दुर्गाडीला आलेल्या नवख्या माणसाला बराच वेळ काठावर बसून राहावे लागते.

अमावास्या व पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ फार असते. भक्ष्य पुष्कळ हलते, पण गाळही ढवळला जातो आणि माशाला माशी दिसत नाही. उलट अष्टमीच्या सुमारास भांगाच्या भरतीला पाणी निवळ असते. मात्र ते हलतच नाही आणि जिताडा सुस्त पडून राहतो. या दोहोंच्या मधल्या तिथी पारध्यास सोयीच्या पडतात. चतुर्थी-पंचमीला पहाटे भरती उतरू लागते व सकाळचा पहिला प्रहर ओहोटीवर वाहत जाण्यास मिळतो.

शरद ऋतूच मुख्यतः का निवडतात, हे यावरून समजेल. उल्हास नदी सह्याद्रीत उगम पावून कर्जत, नेरळ व बदलापूर या गावांवरून कल्याणला येते. तेथे भातसेचे पाणी घेऊन आलेली काळू नदी तिला मिळते. पावसाळ्यात या सर्व नद्यांचा लोंढा खाडीतून जात असतो. तेव्हा पाणी तांबडे व जवळजवळ गोडे असते आणि लहान होडी त्यात घालणे धोक्याचे असते. आश्विनात लोंढा ओसरतो, गाळ बसतो आणि खारे पाणी पुन्हा हळूहळू वर सरकू लागते. याच सुमारास भातखाचरांतील पाणी उतरते. त्याबरोबर पावसाळाभर तेथे वाढलेली कोळंबी व लहान मासे नाल्यांच्या वाटेने खाडीत परततात. जिताडा या नाल्यांच्या तोंडाशी त्यांची वाट पाहत थांबतो. पुढे पौष-माघात पाणी गार झाले म्हणजे त्याची भूक मंदावते.

प्रत्यक्ष पारध : होडीत दोघे असले तर बरे. एक जण वल्ह्याने होडी काठापासून वीस-पंचवीस पावलांच्या अंतरावर सांभाळतो, दुसरा माशी टाकतो. ओहोटीच्या पहिल्या तासात तिवरांच्या मुळांत अजून पाणी असते आणि मासे तेथेच विखुरलेले असतात. त्या वेळी माशी मुळांत गुंतण्यापलीकडे फारसे काही घडत नाही. पाणी मुळांखाली उतरले की रानातील प्रत्येक लहान नाला वाहू लागतो. त्याचे गढूळ पाणी खाडीच्या मुख्य पाण्याला जेथे मिळते तेथे एक स्पष्ट रेघ दिसते. माशी या रेघेच्या आतल्या बाजूस टाकून प्रवाहाबरोबर बाहेर येऊ देतात व डाव्या हाताने दोर हातभर खेचून थांबतात. हे थांबणे महत्त्वाचे असते, कारण जिताडा बहुधा माशी बुडत असतानाच ती घेतो. तो दातांनी चावत नाही. तोंड एकदम पसरून भक्ष्य पाण्यासकट आत ओढतो, आणि त्या वेळी ‘टप्’ असा आवाज होतो. हा आवाज ऐकताच काठी वर उचलण्याचा मोह नवशिक्याला आवरत नाही व माशी रिकामी बाहेर येते. काठी माशाकडे रोखून ठेवून दोर हाताने सरळ ताणला तरच गळ कठीण जबड्यात रुततो. मग मासा प्रथम मुळांकडे धावतो. तेथे पोहोचला तर तंगूस तुटतोच. उघड्या पाण्यात तो डोके हलवीत उड्या मारतो, आणि बरेच मासे त्याच वेळी सुटून जातात.

नाल्यांखेरीज पुलांचे खांब हे दुसरे ठिकाण. ठाण्याच्या खाडीवरून रेल्वे १८५४ मध्ये कल्याणपर्यंत गेली, तेव्हापासून या पाण्यात दगडी खांब उभे आहेत. पुढे रस्त्यांच्या व जलवाहिन्यांच्या पुलांची त्यांत भर पडली. खांबाच्या खालच्या अंगाला प्रवाह मंदावतो व सावली मिळते. मुंब्रा व डोंबिवली येथील रेतीबंदरांलगत वर्षानुवर्षांच्या रेतीउपशामुळे तळाला खोल डोह पडले आहेत. पूर्वी डुबी लोक बुडी मारून बादलीने रेती काढीत; यंत्रांनी होऊ लागलेल्या उपशाने मात्र काठ ढासळले आणि तिवरांची मुळे उघडी पडली. होडी घेऊन जाणाऱ्याने पूर्ण ओहोटीची वेळ विसरू नये. चिखलाच्या पट्ट्यावर रुतलेली होडी पुढची भरती येईपर्यंत हलत नाही, आणि त्या चिखलातून पायी काठ गाठणे अशक्यप्राय असते.

खाडीची अवस्था : ही पारध ज्या पाण्यावर अवलंबून आहे, ते गेल्या साठ-सत्तर वर्षांत फार बदलले. अंबरनाथ, उल्हासनगर, शहाड व डोंबिवली येथे कारखाने आले. अंबरनाथ व उल्हासनगरमधून येणारी वालधुनी नदी त्यांचे सांडपाणी घेऊन कल्याणजवळ खाडीस मिळते. वाढत्या शहरांचा मैलाही याच पाण्यात येतो. कल्याणच्या वरच्या बाजूस सांडपाण्यातील पोषकद्रव्यांवर जलपर्णी माजते व नदीचे पात्र तिने झाकून जाते. जैव पदार्थ कुजताना पाण्यातील ऑक्सिजन खर्च होतो. पावसाळ्यातील लोंढा ही घाण वाहून नेत असल्यामुळे शरद ऋतूत खाडी वर्षातील त्यातल्या त्यात स्वच्छ अवस्थेत असते. उन्हाळ्यात, नदीचे पाणी आटल्यावर, ती सर्वांत वाईट असते. शरदाची निवड करण्यामागे हेही एक कारण आहे, जरी पारधी ते सहसा बोलून दाखवीत नाहीत.

राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना उल्हासच्या खाडीतील गाळात पाऱ्याचे मोठे प्रमाण आढळून आले. पाऱ्याचा विद्युत् अग्र वापरून दाहक सोडा तयार करण्याची पद्धत त्यास मुख्यतः कारणीभूत होती. ही पद्धत पुढे मागे पडली, तथापि गाळात बसलेला पारा लवकर नाहीसा होत नाही. सूक्ष्मजंतूंच्या क्रियेने त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर होते. तो कोळंबीतून लहान माशांत व त्यांच्यातून जिताड्यात जातो आणि दर पायरीस त्याचे प्रमाण वाढते. म्हणून मोठा व वयस्क जिताडा येथे खाण्यास सर्वांत कमी योग्य समजावा. मोठी मादी सोडून द्यावी, हा वर आलेला विचार आणि हा विचार एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात.

दुसरी अडचण वाटेची आहे. पाणीपुरवठ्यासाठी उल्हास नदीवर बंधारे बांधले गेले. ते घागरभर पाण्यासाठी ताटकळणाऱ्या शहरांना आवश्यकच होते, पण त्यांत माशांना चढण्यासाठी जिने ठेवण्याचा प्रघात आपल्याकडे पडला नाही. खारबंदिस्तीची दारे बंद राहिली किंवा खाजणावर भराव पडला, तर पिलांची वाढण्याची जागा नाहीशी होते. तिवरतोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये बंदी घातली. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२२ मध्ये त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तेथे होडी नेण्यापूर्वी वन विभागाचे नियम पाहणे आवश्यक आहे. उल्हासच्या खाडीला, म्हणजे जिताड्याच्या मुख्य वाटेला, असे संरक्षण लाभलेले नाही. बंदिस्त पाण्यात जिताड्याची पैदास करण्यात थायलंडने १९७० नंतरच्या दशकात आणि चेन्नई येथील केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ मध्ये यश मिळविले. त्यामुळे तळ्यांत सोडण्यास बीज मिळू लागले. खाडीत चढणारा मासा मात्र खाडीतच जन्मावा लागतो.

धरलेला मासा सोडावयाचा असल्यास गळाची उलटी नखी आधीच चिमट्याने दाबून टाकतात. मासा ओल्या हातांनी धरतात, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघून जखमा चिघळतात. मोठ्या माशाला जबड्याने उभा लोंबकळत धरीत नाहीत. पोटाखाली हात देऊन तो आडवा ठेवतात. मग होडीच्या कडेला, प्रवाहाकडे तोंड करून, तो स्वतः शेपटी मारून निघून जाईपर्यंत त्याला पाण्यात आधार देतात. थंड पाण्यात यास थोडाच वेळ लागतो. ऑक्टोबरच्या उन्हात, तापलेल्या उथळ पाण्यात, पुष्कळदा बराच वेळ लागतो, आणि तेवढ्या अवधीत होडी पुढच्या नाल्याच्या तोंडावरून वाहून गेलेली असते.